आंब्यार देतंय

आमच्या बाजारात एक जुनं किराणा दुकान आहे. गल्ल्यामागे खिळ्यांना उभ्या वह्या टांगलेल्या असतात, लाल पुठ्ठ्याच्या, कोपरे तेलकट झालेल्या. एकेका वाडीची एकेक वही. पान उघडलं की वर नाव आणि खाली तारखा: तांदूळ, तूरडाळ, खोबरेल, साबण, बिस्किटं, मोबाईलचं रिचार्ज. श्रावणात पान भरायला लागतं, मार्गशीर्षात उलटतं आणि फाल्गुनात दुकानदार तळाशी पेन्सिलीने एक आकडा लिहून त्याला गोल करतो. गिऱ्हाईक आकड्याकडे बघतं, पिशवी उचलतं आणि म्हणतं, "आंब्यार देतंय," म्हणजे आंब्याचे पैसे आले की देतो.

हे वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकलं. १९९४ ते २०१९ मी देवगड तालुक्यात पिग्मी, म्हणजे दारोदार जाऊन रोजची छोटी बचत, गोळा करत होते. सकाळी बंदर, मग बाजार, दुपारनंतर वाड्या. दहा रुपये, वीस रुपये, कुणाचे पन्नास, क्वचित शंभर. पावती फाडायची, वहीत लिहायचं, पुढच्या दारात जायचं. माझ्याशीही लोक तेच बोलायचे: "काकी, आज नाय. आंब्यार एकदम भरतंय." त्या पंचवीस वर्षांत आंब्यावर एकदम भरणारी माणसं मी हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच पाहिली. रोज दहा रुपये देणाऱ्यांनी मात्र मुलांची लग्नं केली, जाळी घेतली, विहिरी खणल्या.

म्हणून माझं म्हणणं मी आधीच सांगून टाकते. कोकणातल्या घरात पैसा टिकत नाही, कारण आपण न आलेला पैसा खर्च करतो. मोहोर फुटायच्या आधी आंबा खर्ची पडलेला असतो. बोट समुद्रात जायच्या आधी मासळी विकली गेलेली असते. मुंबईहून बोनस यायच्या आधी त्याचं देणं ठरलेलं असतं. ही सवय रोजची आहे, दिसायला लहान आहे, आणि तिच्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हाताखाली भांडवल उभं राहिलेलं नाही.

पैसे कसे वाचवावेत हे सांगणारे बहुतेक लोक पगारदार माणूस डोळ्यांसमोर ठेवून बोलतात. एक तारखेला पगार, मग बाहेरचं खाणं कमी करा, चहा कमी करा, उरलेलं गुंतवा. ते शहरात ठीक आहे. इथे पैशाची चाल वेगळी आहे. काजू फेब्रुवारीपासून, आंबा मार्चअखेर ते मे, पर्यटक दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. म्हणजे पैसा यायचा थांबतो तो नेमका जूनमध्ये, आणि खर्चाला तोंड फुटतं तेही जूनमध्येच. शाळेच्या वह्या-गणवेश, लावणीची मजुरी, पावसाळ्याची बेगमी, पाठोपाठ गणपती. मे महिन्यात हातात आलेलं मागचं देणं फेडण्यात संपलेलं असतं, आणि मृगाचा पाऊस पडला की वहीचं नवं पान सुरू होतं. ज्याचं सगळं उत्पन्न अडीच महिन्यांत येतं त्याला "दरमहा उत्पन्नाच्या वीस टक्के बाजूला काढा" हे सांगून काय उपयोग? त्याला सांगायला हवं की मे महिन्यात आलेल्या रकमेचे बारा भाग कर, आणि पहिला भाग दुकानाच्या वहीत जायच्या आधी कुठेतरी बंद कर.

दारू आणि पुडी यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे आणि पुडी मिळते. दिवसाला चाळीस रुपयांच्या पुड्या म्हटल्या तर वर्षाला १४,६०० रुपये होतात. संध्याकाळची शंभराची बाटली वर्षाला ३६,५००. असली घरं मला दारातूनच कळायची, कारण तिथे बाई पदराच्या गाठीतले दहा रुपये काढून म्हणायची, "ह्येंका सांगू नको हां." पण व्यसन नसलेली, कष्टाळू, देवभोळी घरंसुद्धा कोरडीच राहतात. मला त्या घरांबद्दल बोलायचं आहे.

आमचं घर तसंच होतं. बाबा परळला गिरणीत होते. महिन्याच्या दहा-बारा तारखेला पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा, आई सही करायची आणि त्याच दिवशी दुकानात जाऊन मागचं चुकतं करायची. परत येताना पिशवीत पुढच्या महिन्याचं सामान, अर्थात उधारीवर. असं वर्षानुवर्षं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यातल्या कितीतरी जणांच्या पाठीमागे कोकणात असंच एक घर होतं आणि त्या घराची एक वही होती. फेब्रुवारीत आमची शेवटची मनीऑर्डर आली. मे महिन्यात बाबा पत्र्याची ट्रंक घेऊन घरी आले. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. दुकानदार वाईट माणूस नव्हता, पण जुलैत त्याने वहीचं पान बंद केलं. तो तरी काय करणार, त्याच्या वहीत अशी चाळीस पानं होती.

त्या पावसाळ्यात आम्ही तगलो ते घरामागच्या नऊ काजूच्या झाडांवर. आई दरवर्षी काजूबी विकून येणारे पैसे तांब्याच्या हंड्यात टाकायची आणि ते नाहीतच असं वागायची. बाबांनासुद्धा तिने त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. हंड्यात बाराशे रुपये निघाले. मनीऑर्डरीने अठरा वर्षं आम्हाला जगवलं, पण त्यातलं काहीही मागे राहिलं नाही. मागे राहिली ती झाडं. बाबांच्या फंडाची रक्कम उशिरा मिळाली आणि आत्याच्या लग्नात गेली. पुढे १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडून शंभर टक्के अनुदानावर फळबाग लागवडीची योजना आली तेव्हा बाबांनी कातळाखालच्या पडीक वरकसात वेंगुर्ल्याच्या काजूची कलमं लावली. चार-पाच वर्षं कळशीने पाणी घातलं. माझ्या मुलाचं डिप्लोमाचं शिक्षण त्या कलमांवर झालं. श्रीमंती म्हणजे काय हे मला विचाराल तर मी त्या कलमांकडे बोट दाखवीन: आपण झोपलेलो असतानाही जे वाढतं ते.

आता उचल. बाहेरच्या माणसाला वाटतं हापूसवाला म्हणजे पैसेवाला. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, नाव जगात आहे, पेटीचा पहिला भाव वर्तमानपत्रात छापून येतो. पण बागायतदाराचं वर्ष बघा. पावसाळ्यात खत, मग साफसफाई, मोहोर आला की फवारण्या, थ्रिप्स ही कीड आली की आणखी फवारण्या, राखणीला नेपाळी गडी, पेट्या, पेंढा, गाडीभाडं. आंब्याचा रुपया दिसायच्या आधी हे सगळं रोखीने द्यावं लागतं. मग वाशीच्या अडत्याकडून उचल घ्यायची. व्याज नाही, कागद नाही, फोनवर शब्द दिला की पैसे खात्यावर. सोपं वाटतं. पण ज्याची उचल घेतली त्यालाच माल घालायचा, हे ठरलेलं. भाव काय लागला हे पट्टी, म्हणजे अडत्याचा विक्रीचा हिशेब, आल्यावर कळणार. पट्टी कमी आली तर बोलता येत नाही, कारण पुढच्या वर्षी परत त्याच्याच दारात जायचं आहे.

एक हिशेब करून बघू. समजा दोन लाखांची उचल आहे आणि तीनशे पेट्या माल. बांधून घेतल्यामुळे पेटीमागे दोनशे रुपये कमी मिळाले तर साठ हजार गेले. बिनव्याजी म्हणून घेतलेल्या दोन लाखांवर सहा-आठ महिन्यांत तीस टक्के झाले. हेच दोन लाख किसान क्रेडिट कार्डावर पीककर्ज म्हणून घेतले तर व्याज सात टक्के, वेळेत फेडलं तर तीन टक्के सवलत जाऊन चार. वर्षाचे आठ हजार. साठ हजार आणि आठ हजार यांतला फरक दहा वर्षं जमवला तर त्याची एक नवी बाग होते.

मग लोक बँकेत का जात नाहीत? हे मी कित्येकांना विचारलं, आणि उत्तर प्रत्येक वेळी एकाच कागदापाशी आलं: सातबारा. जमीन आजोबांच्या नावावर, खाली अठरा हिस्सेदार, त्यातले अकरा मुंबईत, दोन बडोद्याला, एकाचा पत्ताच नाही. बँक म्हणते सगळ्यांच्या सह्या आणा. गणपतीत सगळे एकत्र येतात, पण तेव्हा हा विषय काढला की वाद होतो, म्हणून कुणी काढत नाही. इथे दोष एकट्या माणसाच्या सवयीचा नाही, हे मला मान्य आहे आणि मोठ्याने सांगायचं आहे. वाटपाचं काम महसूल खात्याने गावात येऊन, सगळे हिस्सेदार गावी असतात त्या मे महिन्यात किंवा गणपतीत शिबिर लावून करायला हवं. आमच्या लोकप्रतिनिधींनी एक वर्ष सभामंडपं बाजूला ठेवून एवढं एक काम केलं तर उचलीची साखळी निम्मी तरी तुटेल. पण तोवर घरातल्या घरात जे होण्यासारखं आहे तेही आपण करत नाही. फवारणीचा खर्च दरवर्षी येणार हे दरवर्षी माहीत असतं. तरी मे महिन्यात त्यातला एक रुपयाही बाजूला निघत नाही.

मे महिन्यात तो कुठे जातो? दिसण्यात जातो.

रस्त्यालगतची घरं बघत जा. जांभ्या चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं जुनं घर पाडून त्या जागी स्लॅबचं घर. दोन मजली, पुढे गोल खांब, गुलाबी किंवा पोपटी रंग. माणसं मुंबईत, घर अकरा महिने बंद. कोकणात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सपाट स्लॅब तो किती वर्षं सोसणार? चौथ्या-पाचव्या पावसाळ्यात छताला ओल धरते, भिंतीवर बुरशी येते, आणि मग त्या स्लॅबवर लोखंडी अँगल उभे करून पत्र्याची शेड मारतात. दीड-दोन लाख आणखी. म्हणजे आधी उतरतं छप्पर मोडून सपाट केलं, आणि आता सपाटावर परत उतरतं छप्पर घातलं. आमच्या वाडीतल्या सतरा स्लॅबच्या घरांपैकी चौदांवर शेड आहे, मी मोजली आहेत. जुनं कौलारू घर वर्षाला कौलं परतायला थोडा खर्च मागायचं, एवढंच. आणि ज्यांनी ते राखलं त्यांच्याकडे आज पर्यटक पैसे देऊन राहतात.

घर बांधू नये असं मी म्हणत नाही. गिरणीच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसांनी आयुष्य काढल्यावर गावी मोठं घर असावं हे स्वप्न किती खोल असतं, ते मला माझ्या बापामुळे ठाऊक आहे. पण ते कर्ज काढून, जमिनीचा तुकडा विकून आणि शेजाऱ्याच्या घरापेक्षा एक फूट उंच बांधायचं, इथे माझं मन अडतं.

गणपतीबद्दल बोलताना जपून बोलते, कारण आमच्या घरीही पाच दिवसांचा गणपती आहे आणि तो मला प्राणाहून प्रिय आहे. माझ्या लहानपणी माटवीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या चौकटीला, कवंडळं, हरणं, आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीची शिपटी बांधायचे. सगळं रानातलं आणि परसातलं. भजनाला आलेल्यांना काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा. आज रोषणाई भाड्याची, मखर विकतचं, आणि दोन भजनीबुवांच्या सामन्याचा, म्हणजे डबलबारीचा, आणि फटाक्यांचा खर्च वेगळा. तो खर्च करणाऱ्यातले निम्मे लोक जुलैमध्ये माझ्याकडून पिग्मी मोडून घ्यायचे. मुदतीआधी मोडली की व्याज जातं, उलट थोडी कपात होते. मी सांगायचे, ते ऐकायचे, आणि म्हणायचे, "काकी, वर्षाचो सण." बरोबर आहे. वर्षाचा सण आहे, म्हणजे तो दरवर्षी येतो हे आपल्याला माहीत आहे. मग त्याची तयारी चतुर्थीच्या आधी महिनाभर कर्जाने का व्हावी? पाडव्यापासून रोज वीस रुपये टाकले तरी चतुर्थीपर्यंत तीन हजार होतात आणि कुणापुढे हात पसरावा लागत नाही. आणि खरं सांगायचं तर बाप्पाने आजवर कुणाच्या माटवीचे दिवे मोजलेले नाहीत. मोजतो तो शेजारी.

लग्नाचं तेच, हळदीचं तर फारच झालंय. रायगडच्या किनाऱ्यापासून आमच्यापर्यंत हळदीच्या रात्रीचा खर्च लग्नाच्या बरोबरीला आला आहे. मुलीच्या बापाला तो परवडतो का हे विचारायची सोयच नाही, कारण सगळ्यांनी तसंच केलेलं असतं. अशा खर्चावर एकट्या घराने आवर घातला तर त्या घराला बोल लागतो. वाडीने मिळून ठरवलं तर कुणालाच लागत नाही. आमच्याकडे गावऱ्हाटी, म्हणजे देवळाभोवतीची गावाची जुनी व्यवस्था, आहे, मानकरी आहेत, देवळात बसून मोठमोठे तंटे मिटवल्याची परंपरा आहे. हळदीला जेवण एक भाजी आणि वडे, वाजप आपलंच, एवढा ठराव करायला त्यांना काय जड आहे?

भाजीचं एक सांगायला हवं, कारण ते खरोखर रोजचं आहे. घाट उतरून कोल्हापूर-बेळगावकडून भाजीचे टेम्पो येतात, दूध पिशवीतून येतं, कोंबडी आणि अंडीसुद्धा तिकडचीच. दिवसाचे ऐंशी रुपये भाजीचे धरा, वर्षाला २९,२०० होतात, आणि घरामागे पाणी असलेलं परडं रिकामं. लाल माठ, पडवळ, दोडकी, वाल, चवळी हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण यात दुसरी बाजू आहे आणि ती लपवून चालणार नाही: वांदर. पाच गुंठ्यांतली भाजी एका सकाळी जमीनदोस्त करतात. ज्या बाईने तीन वर्षं लागोपाठ हे बघितलं तिने परडं सोडलं तर तिला आळशी म्हणायची माझी छाती नाही. पावसाळ्यात घराला लागून वेली आणि अळू तरी होतात, तेवढं करावं.

हप्त्यांची गोष्ट त्यापेक्षा गंभीर आहे. पूर्वी उधारी एका वहीत असायची आणि दुकानदाराच्या तोंडावर कळायचं की आता पुरे. आता मोबाईलचा हप्ता वेगळा, मोटरसायकलचा वेगळा, टीव्हीचा वेगळा, आणि बायकांच्या गटाला कर्ज देणाऱ्या खाजगी कंपन्यांचा आठवड्याचा हप्ता वेगळा. एकेका बाईच्या डोक्यावर तीन-तीन गटांची कर्जं. एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याकडून घ्यायचं. अशा घराचे कर्जांचे सगळे हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. नियम चांगला, पण विचार करा, निम्मं उत्पन्न हप्त्यात गेलेलं घर साठवणार काय? आणि आमच्या हंगामी घराचं "मासिक उत्पन्न" कोण आणि कसं ठरवतं? मे महिन्याचं की ऑगस्टचं? हप्ता मात्र ऑगस्टमध्येही तोच असतो.

मग शेवटी जमिनीवर येतं. ही जमीन आपल्याला सहज मिळालेली नाही. गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या जाचाखाली कोकणातल्या कुळांच्या पिढ्या गेल्या. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती बंद करण्यासाठी विधेयक मांडलं, १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्याचा जमिनीवरचा हक्क मानला. माझ्या आजोबांच्या नावावर त्यामुळे बावीस गुंठे लागले. त्याच किनाऱ्यावर, समुद्र दिसतो म्हणून, आज एकरभर जमीन एका बैठकीत विकली जाते. पैसे आले की पहिल्या महिन्यात चारचाकी, दुसऱ्यात घराला मजला, मग लग्न, मग थोडी देणी. तीन वर्षांनी त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या रिसॉर्टच्या गेटवर त्याच घरातला मुलगा खुर्ची टाकून राखणीला बसलेला मी पाहिला आहे. जातायेता मला तो नमस्कार करतो. मला त्याच्याकडे बघवत नाही.

"आमचं उत्पन्नच एवढं कमी, साठवणार कुठून?" हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारायचं. तो खोटा नाही. ज्या घरात खाणारी तोंडं सहा आणि मजुरी एकाची, तिथे बचतीचं प्रवचन देणं हा अपराध आहे. पण माझ्या पिग्मीच्या वहीत सगळ्यात नियमित कोण होतं ते सांगते. बंदरावर मासे विकणारी एक काकी. नवरा खलाशी होता, लवकर गेला. ती पाटी खाली ठेवायची, पहिलं गिऱ्हाईक व्हायचं, आणि भवानीचे पैसे कपाळाला लावून तसेच्या तसे माझ्या हातात द्यायची. कधी तीस, कधी साठ. मी एकदा म्हटलं, "काकी, संध्याकाळी हिशेब झाल्यावर द्या की." ती म्हणाली, "सांजेक उरणा नाय गो, बाय. सांजेक सगळ्यांचे हात लागतत." एवढ्या वर्षांत कुणी मला बचत याहून नीट समजावून सांगितलेली नाही.

ती त्या पैशाचं काय करायची ते त्याहून महत्त्वाचं आहे. एप्रिल-मेमध्ये बंदरावर मासळी एकदम येते तेव्हा भाव पडतात. बाकीच्या बायका व्यापाऱ्याकडून उसने घेऊन माल उचलायच्या. ही पिग्मीची रक्कम काढून रोखीने बांगडा, सुंगटं, बोंबील घ्यायची, खळ्यात सुकवायची आणि जून-जुलैच्या बंदीत, ताजं काही मिळत नसताना, सुकं विकायची. ज्या दोन महिन्यांत सगळी वस्ती वहीवर जगत होती त्या दोन महिन्यांत तिची कमाई चालू असायची. तिचं उत्पन्न शेजारणीपेक्षा जास्त नव्हतं. भवानीचा पैसा वेगळा ठेवल्याने ते जास्त झालं. तिच्या मुलाची आज स्वतःची छोटी बोट आहे.

पिग्मी ही कल्पना आपल्याच किनाऱ्याची आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९२८ मध्ये उडुपीला सिंडिकेट बँकेच्या मूळ संस्थेने दारोदार जाऊन दिवसाला दोन आणे गोळा करायला सुरुवात केली. त्यातून ती पुढे किनाराभर, देशभर पसरली. तिची ताकद व्याजात कधीच नव्हती. ती आहे रोज दारात येणाऱ्या माणसात. माझ्यासारखी बाई दारात उभी राहिली की दहा रुपये बाहेर निघतात.

पण मला एक कबुलीही द्यायची आहे. मी ज्या संस्थेसाठी आधी गोळा करत होते ती पतसंस्था पुढे अडचणीत आली. संचालकांनी ओळखीपाळखीत कर्जं वाटली होती. लोकांचे पैसे वर्षानुवर्षं अडकले. पावत्यांवर सही माझी होती. दीड वर्ष मी त्या रस्त्याने मान खाली घालून चालले. बँकेतली ठेव ठरावीक रकमेपर्यंत (आता पाच लाख) विम्याने सुरक्षित असते, पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी लोकांना सांगितलं नव्हतं. आता मी भेटेल त्याला सांगते: पिग्मी रोजच्या शिस्तीसाठी ठेवा, पण रक्कम दहा-पंधरा हजार झाली की काढा आणि पोस्टात किंवा बँकेत टाका.

पोस्टाची आवर्ती ठेव महिन्याला शंभर रुपयांपासून सुरू होते, पाच वर्षांची. पीपीएफ पंधरा वर्षांचा, व्याज एप्रिल २०२० पासून ७.१ टक्क्यांवर आहे. दिवसाला पन्नास म्हणजे महिन्याला दीड हजार पीपीएफमध्ये टाकले, आणि व्याजदर हाच राहिला, तर पंधरा वर्षांत भरणा होतो २,७०,००० आणि हातात येतात ४,७३,००० च्या आसपास. भाजीचे ऐंशी आणि पुडीचे चाळीस ज्या घरातून रोज जातात तिथले हे पन्नास आहेत. आणि बोटीवर जाणाऱ्या प्रत्येकाने वर्षाला वीस रुपयांचा अपघात विमा खात्यातून कापून द्यावा, दोन लाखांचं संरक्षण आहे. वीस रुपये. मी हे बंदरावर कितीदा सांगितलं त्याला गणती नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा झाडावरचा आंबा एका रात्रीत खाली आला, होड्या फुटल्या. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळाने दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. नवी पोफळ लावून ती धरायला सात-आठ वर्षं लागतात. सरकारी मदत पंचनाम्याच्या वेगाने येते. त्या सात-आठ वर्षांचं काय, हे "आंब्यार देतंय" म्हणणाऱ्या घराला विचारून बघा.

परवा माझ्या पुतण्याचा मित्र भेटला. एकोणीस वर्षांचा आहे, यंदा आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला आणि टेम्पोवर चढवायला होता. मजुरीचे अठ्ठावीस हजार जमलेत. जुन्या मोटरसायकलीचा सौदा जवळपास ठरलाय, उरलेले हप्त्याने. मी त्याला गाडी घेऊ नको म्हटलं नाही, कॉलेज कणकवलीला आहे आणि एसटीचा भरवसा नाही. फक्त विचारलं, जून-जुलैत हप्ता कशातून भरशील? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गाडी दिवाळीक घेतलंय तर?" सोमवारी सकाळी दहा वाजता आम्ही दोघं पोस्टात जाणार आहोत. दोन फोटो आणि आधार कार्ड आणायला सांगितलंय.